घडीचा चाकू घरी आला की पहिल्या दहा मिनिटांत काय बघायचं

परवा ऑफिसातल्या एका पोराने विचारलं, दीड हजारात घडीचा चाकू घ्यायचाय, स्टील कुठलं चांगलं? सगळे हेच विचारतात आणि माझं उत्तर ठरलेलं, बाबा स्टीलचं नंतर, आधी सांधा बघ. स्वस्त चाकूत पातं बऱ्यापैकी मिळतं आजकाल, पण कंपनी पैसे वाचवते ते पातं मुठीला जिथे जोडलंय तिथे. आणि बोट कापतं तेही तिथेच.

माझ्या उजव्या तर्जनीवर तीन टाक्यांची खूण आहे. पाण्याच्या जुन्या कॅनमध्ये पुदिना लावायचा म्हणून बुडाला भोकं पाडत होतो, टोक टेकवून जोर दिला, उघडं पातं धरून ठेवणारं लॉक सटकलं आणि पातं सरळ बोटावर मिटलं. धार उत्तम होती त्या चाकूची, तीच तर पंचाईत झाली. चूक निम्मी माझी, घडीच्या चाकूने भोसकायचं काम करायचंच नसतं, ते पेचकसाने करावं. पण लॉकही रद्दीच होतं आणि ते मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं, कारण बघायला एक मिनिट लागतं.

तर पाकिटातून काढल्या काढल्या कागद कापत बसू नका, नवा चाकू कागद कापतोच. आधी मिटलेला चाकू पात्याच्या पाठीकडून डोळ्यासमोर धरा. पातं मुठीच्या आतल्या दोन्ही पत्र्यांच्या बरोबर मधे बसलंय का? थोडं एका बाजूला असेल तर चालतंय, पण पत्र्याला घासत असेल तर एकतर सांध्याचा स्क्रू जास्त आवळलाय नाहीतर त्याचं भोकच तिरकं पाडलंय. स्क्रू जरासा सैल करून पातं मधे आलं तर ठीक. नाही आलं तर भोक तिरकं, त्याला काही इलाज नाही.

मग उघडा. या किमतीत जास्त करून लायनर लॉक असतं, म्हणजे मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी स्प्रिंगसारखी सरकते आणि पात्याच्या बुडाला मागून टेकू देते. टॉर्च लावून बघा ती पट्टी बुडाच्या जाडीवर किती आत आलीये. पाव ते निम्मी जाडी झाकली असेल तर बरोबर. नुसती कडेला टेकली असेल (माझ्या त्या चाकूची तशीच होती) तर ती कधीतरी सटकणार, आणि नव्यातच पार पलीकडच्या टोकाला पोचली असेल तर झिजायला जागाच उरली नाही, थोड्या दिवसांत पातं खुळखुळायला लागेल.

आता दाब देऊन बघायचं, पण नीट. मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यासारखी धरा, पातं मिटतं त्या खाचेवर एकही बोट नको, आणि पात्याची पाठ एखाद्या जाड वहीवर टेकवून हळूहळू जोर वाढवा. ठोकायचं नाही. व्हिडिओत लोक चाकूची पाठ टेबलावर आपटून लॉक दाखवतात, त्याने चांगलं लॉकही खराब होतं आणि कळत काहीच नाही. दाबल्यावर पट्टी मागे सरकताना दिसली किंवा कट्ट असा आवाज येऊन पातं हललं तर परत पाठवा. एकदा झटक्यात उघडून बघा आणि एकदा अगदी सावकाश, कारण काही चाकूंत झटक्याने पट्टी नीट बसते पण हळू उघडलं की अर्धवटच राहते आणि रोज आपण हळूच उघडतो.

मग पात्याचं टोक सांभाळून चिमटीत धरा आणि हलवा. डावी-उजवीकडे हलतंय? घाबरू नका, सांध्याचा स्क्रू थोडा आवळला की जातं. या स्क्रूला सहा पाकळ्यांचं टॉर्क्स डोकं असतं, सांध्याला बहुतेक टी-८ आणि बाकीच्यांना टी-६ लागतो, मोबाईल दुरुस्तीच्या छोट्या सेटमध्ये दोन्ही मिळतात. भलता बिट घालून जोर लावलात तर डोकं गुळगुळीत झालंच म्हणून समजा, स्वस्त स्क्रू फार मऊ असतात. वर-खाली हलतंय मात्र, तर तो दोष लॉकचा, स्क्रूने जात नाही. परत.

शेवटचं म्हणजे चाकू मिटवा, पातं जमिनीकडे उघडेल असा धरा आणि दोन-तीनदा झटका द्या. पातं थोडंही बाहेर आलं तर तो खिशात ठेवायच्या लायकीचा नाही, खिशात किल्ली काढायला हात घातलात की कळेल.

ही झाली दहा मिनिटं आणि खरं सांगायचं तर इथपर्यंत पास झाला की निम्म्याहून जास्त काम झालं.

लॉकच नको असेल तर व्हिक्टोरिनॉक्सचे साधे चाकू आहेत, नुसत्या स्प्रिंगच्या ताणावर उघडे राहतात. फळं, पार्सल, सुतळी यासाठी मला तेच आवडतात, कारण लॉक नाही हे माहीत असल्यामुळे माणूस आपोआप जपून वापरतो. लॉक हवं पण साधं, तर ओपिनेल हा फ्रान्समधल्या सावोयचा, १८९० पासूनचा, लाकडी मुठीचा चाकू, त्याला १९५५ पासून फिरवायची पोलादी कडी आहे, तीच त्याचं लॉक. इतकी साधी रचना की बिघडायला फारसं काही नाहीच. फक्त पावसाळ्यात, कोकणात तर विचारूच नका, लाकूड फुगतं आणि पातं आत अडकून बसतं. मग मुठीचं बूड टेबलावर टक्क करून ठोकायचं, पातं थोडं वर येतं, तिकडचे लोकही हेच करतात.

आता पातं. जाडजूड पातं बघून लोक खुश होतात आणि तिथेच फसतात. धारेच्या जरा वर पातं किती जाड आहे ते महत्त्वाचं. गाजर घ्या, चांगलं जाड, आणि मधोमध कापा. पातळ पातं शांतपणे खाली उतरतं, जाड पातं अर्ध्यावर जाऊन पाचरीसारखं काम करतं आणि गाजर कडकन फुटतं. चाकू कितीही धारदार असू दे, गाजर फुटलं तर तो रोजच्या कामाला त्रास देणार. धारेच्या वरची ही जाडी अर्धा मिलिमीटरच्या आसपास असेल तर छान, एक मिलिमीटर म्हणजे कुऱ्हाडच की.

स्टीलची नावं वाचायची सोपी युक्ती सांगतो. चिनी स्टीलवर ८सीआर१३एमओव्ही असं लिहिलेलं असतं, त्यातला ८ म्हणजे कार्बन साधारण ०.८ टक्के आणि १३ म्हणजे क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ३सीआर१३ मध्ये कार्बन फक्त ०.३, ते पातं गंजणार नाही पण धारही धरणार नाही, आठवड्यात मोंड. ८ वालं घ्या, किंवा १४सी२८एन नावाचं स्टील मिळालं तर डोळे झाकून. डी-२ हे स्टील धार खूप टिकवतं पण पूर्ण स्टेनलेस नाही, कैरी कापून तसंच ठेवलंत तर डाग पडतात. नुसतं ४४० लिहिलेलं असेल तर विचारा कुठलं, ए, बी की सी, कारण ४४०-ए मध्ये कार्बन ०.७ च्या आसपास आणि सी मध्ये १ च्या आसपास. नुसतं "स्टेनलेस" लिहिलं असेल तर काहीच लिहिलं नाही असं समजायचं.

आणि ते लोहचुंबक! लोहचुंबक चिकटलं म्हणजे स्टेनलेस नाही, हे दुकानदारसुद्धा सांगतात. उलटं आहे राव. चाकूचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच. ज्याला चिकटत नाही ते ताटल्या-डब्यांचं स्टील, त्याला पाणी देता येत नाही म्हणजे तापवून बुडवून कडक करता येत नाही. तेव्हा चिकटलं नाही तर शंका घ्या.

पाणी कसं दिलंय हे मात्र कुठल्याच शिक्क्यावर लिहिलेलं नसतं, ते वापरूनच कळतं. आधी घरच्या दगडावर दोन्ही बाजूंनी हलके हात मारून घ्या, कारण फॅक्टरीतून धारेवर तारेसारखी बारीक कणी राहिलेली असते, ती निघाल्याशिवाय खरी धार कळत नाही. मग सुतळी चाळीस-पन्नास वेळा कापा, लाकडी पाटावर, आणि लगेच टोमॅटो. साल न दाबता कापली गेली तर पातं चांगलं. नाही गेली तर ट्यूबलाईटखाली धार वर करून धरा, जिथे जिथे चमकतंय तिथे धार वळलीये. सगळीकडेच चमकत असेल तर पातं मऊ आहे.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, आपला तीन इंची चाकू त्याच्या खूप आत येतो. पण पोलीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सुऱ्या बाळगायला बंदीचे आदेश काढतात, सणावाराला निवडणुकीला तर हमखास, तेव्हा तो घरीच ठेवा. बटण दाबून उघडणारा घेऊच नका. विमानात केबिन बॅगेत अजिबात नाही.

तेल शिलाई मशीनचं, सांध्यात एक थेंब, बस्स. फणसाचा चीक लागला तर आधी खोबरेल चोळा मग साबण. आणि धार गेली म्हणून गल्लीतल्या धारवाल्याकडे देऊ नका, जाड सुऱ्या-कोयत्यांना त्याचं चाक ठीक आहे, पण बारीक पातं कोरड्या चाकावर क्षणात तापतं, धारेला निळसर झाक येते आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरलेलं असतं. मी एक असाच घालवलाय, आता त्याने पाकिटं उघडतो.