एकाक्षरी लोगो करताय? या चुका टाळा

“नावाचं पहिलं अक्षर घ्या, गोलात बसवा, झालं.” लोगोचं काम घेऊन येणारे बरेच जण सुरुवातच अशी करतात. डोळ्यांसमोर मॅकडोनाल्ड्सचा पिवळा एम असतो, फेसबुकचा एफ असतो, नाहीतर नेटफ्लिक्सचा लाल एन. अक्षर एकच, म्हणजे काम थोडं, असा त्यांचा हिशोब. अनुभव उलटा आहे. पूर्ण नाव लिहिलं की पाच-सहा अक्षरं एकमेकांना सांभाळून घेतात. एखादं वाकडं गेलं तरी नाव वाचता येतं. एकट्या अक्षराला शेजारी कुणी नसतं, त्यामुळे त्याची प्रत्येक चूक उघड्यावर येते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अक्षर कुणाच्या मालकीचं नसतं. ‘म’ मोऱ्यांचा आहे, मराठ्यांचा आहे, महालक्ष्मी ट्रेडर्सचा आहे आणि शेजारच्या गावच्या कबड्डी संघाचाही आहे. आपलं म्हणता येतं ते फक्त त्याचं वळण. खाली ज्या चुका सांगतेय, त्यातल्या बहुतेक हे विसरल्यामुळेच होतात.

फॉन्टमधलं अक्षर उचलून तसंच वापरणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडायचं, मुक्ता किंवा बलू फॉन्टमध्ये एक अक्षर टाइप करायचं, रंग भरायचा आणि गिऱ्हाइकाला पाठवून द्यायचं. हे दोन्ही फॉन्ट सुंदर आहेत, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने ते सगळ्यांना मोफत खुले केले आहेत आणि लोगोत वापरायलाही परवानगी आहे. अडचण परवानगीची नाहीच. तेच अक्षर तीच कळ दाबून उद्या तुमचा स्पर्धकही काढू शकतो, ही अडचण आहे.

भरपूर पैसा ओतूनही असं साम्य कसं अंगाशी येतं, ते अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीने अनुभवलं. १९७६ च्या सुरुवातीला त्यांनी मोठा गाजावाजा करून नवा लोगो आणला. लाल आणि निळ्या अशा दोन तिरक्या तुकड्यांचा एन. काम नामांकित संस्थेकडून करून घेतलेलं. नेब्रास्का राज्यातल्या शैक्षणिक दूरचित्रवाणीचा एन आधीपासून जवळपास तसाच होता, फक्त सगळा लाल. त्यांनी दावा ठोकला. शेवटी तडजोड झाली आणि एनबीसीने आठ लाख डॉलरहून अधिक किमतीची यंत्रसामग्री दिली, शिवाय त्यांना नवा लोगो करून घेण्यासाठी ५५ हजार डॉलर. कुणी कुणाची नक्कल केली नव्हती. सरळ रेघांनी एन काढायला बसलं की वाटा फार नसतात, आणि दोघं एकाच वाटेने गेले. म्हणूनच शोध आधी घ्यायचा, रंग नंतर भरायचा.

आपल्याकडे हा शोध घरी बसून घेता येतो. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोधाची सोय आहे. तिथे नुसता शब्द टाकून चित्रं सापडत नाहीत, त्यासाठी व्हिएन्ना कोड, म्हणजे चित्रांच्या प्रकारांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, लागतो. विशिष्ट वळणात काढलेली अक्षरं २७.५ या गटात येतात आणि वेगवेगळ्या लिप्यांतल्या लेखनासाठी २८ वा विभाग आहे. आपला माल कोणत्या वर्गात बसतो तेही पाहायचं: कपडे आणि टोप्या २५ मध्ये, खेळ आणि शिक्षण ४१ मध्ये. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला, तर एका वर्गाचं शुल्क ४,५०० रुपये आहे. नोंदणी झाल्याची खूण असलेला गोलातला आर (®) मात्र नोंदणी होईपर्यंत लावू नका. नोंदणी नसताना तो लावणं बेकायदेशीर आहे.

साम्य टाळता येत नसेल तर सरळ विचारावं. ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा जी १९६१ चा आहे. संघाचं सामान सांभाळणाऱ्या जेराल्ड ब्रेशर यांनी तो एका कलाविद्यार्थ्याच्या मदतीने तयार केला. जी ज्या लंबगोलात बसला आहे, तो त्यांच्या फुटबॉलच्याच आकाराचा आहे. पुढे जॉर्जिया विद्यापीठाला तसाच जी हवा होता. त्यांनी पॅकर्सची रीतसर परवानगी घेतली, आणि आज दोन्ही संघ आपापल्या रंगांत तो अभिमानाने मिरवतात. तालुक्याच्या पातळीवरही असा एक फोन करायला काहीच हरकत नसते.

शिरोरेषेचा विचारच न करणं

इथे जरा थांबते, कारण इंग्रजीतल्या लोगोंबद्दल वाचून ही चूक कधीच कळत नाही. रोमन अक्षर जन्मतः सुटं असतं. आपलं अक्षर शिरोरेषेला लटकलेलं असतं आणि ती रेघ शेजारच्या अक्षराकडे जायला निघालेली असते. नुसता ‘क’ काढला आणि रेघ फॉन्टमध्ये होती तेवढीच ठेवली, की तो पाटीवरून कापून आणल्यासारखा दिसतो. रेघ कुठे सुरू होणार, कुठे संपणार, टोक सरळ कापायचं की बोरूसारखं तिरकं, की रेघच काढून टाकायची, हे एकेका अक्षरासाठी ठरवावं लागतं.

शिरोरेषेचा उत्तम वापर आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदयकुमार यांचं रुपयाचं चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं गेलं. त्यात ‘र’ आहे आणि उभा दांडा वगळलेला रोमन आरही आहे. शिरोरेषा तशीच राहिली, तिच्याखाली एक समांतर रेघ आली, आणि एरवी शब्दाचा आधार मागणारा ‘र’ स्वतःच्या पायावर उभा राहिला. नव्याने लोगो करणाऱ्यांना मी हे चिन्ह दहादा हाताने काढायला सांगते. ती दुसरी रेघ किती काम करते, ते हाताला कळतं.

आता माझी चूक. आमच्या भागातल्या टेनिस बॉल स्पर्धेसाठी एका संघाच्या टोप्या करायच्या होत्या. संघाचं नाव ग्रामदैवतावरून, ‘भ’ने सुरू होणारं. पडद्यावर मी काढलेला ‘भ’ देखणा दिसत होता. गाठ छान वळलेली, गाठ आणि शिरोरेषा यांच्यामध्ये नाजूकशी फट. पंचिंग, म्हणजे भरतकामाच्या यंत्रासाठी टाक्यांची फाइल, झालं, टोप्या भरून आल्या, आणि कर्णधाराचा फोन आला: “ताई, टोपीवर म आलाय.” मी टोपी हातात घेऊन पाहिली. फट एक मिलिमीटरही नव्हती. भरतकामात धागा फुगतो, टाके कापडाला ओढून घेतात, आणि एवढीशी फट पहिल्याच फेरीत बुजून जाते. फट बुजली की ‘भ’चा ‘म’ होतो, ‘ध’चा ‘घ’ होतो. तीस मुलं दुसऱ्याच गावची असल्यासारखी मैदानात उतरणार होती. त्या टोप्या मी माझ्या खर्चाने पुन्हा करून दिल्या.

तेव्हापासून नियम पाळते. ‘भ’, ‘ध’, ‘थ’ यांची फट निदान दांड्याच्या निम्म्या जाडीची ठेवते. गाठ शिरोरेषेच्या पातळीवर न ठेवता जरा खाली उतरवते. ‘ख’ खालून जोडूनच काढते, नाहीतर एकटा असताना तो ‘रव’ वाचला जातो. आणि पंचिंगवाल्याकडून पूर्ण ऑर्डरच्या आधी त्याच कापडावर, त्याच मापात एक नमुना भरून घेते.

याच प्रकारातली आणखी एक चूक मला मनापासून टोचते: मराठी नावाला हिंदी वळणाचा ‘ल’ किंवा ‘श’. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच मराठीची प्रमाण रूपं आहेत. अनेक फॉन्टमध्ये ती असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय वर येत नाहीत. पूर्ण नावात हे खपून जातं. लोगोत एकच अक्षर असेल आणि तेच दुसऱ्या भाषेच्या वळणाचं असेल, तर शाळेत पाटीवर गिरवलेलं अक्षर ते नव्हे, हे माणसाला जाणवतं. त्याला नेमकं काय खटकलं ते कदाचित सांगता येणार नाही, पण खटकतं.

नाव रुळायच्या आधीच नाव काढून टाकणं

एफ दिसला की फेसबुक आठवतं, कारण त्याआधी वर्षानुवर्षं पूर्ण नाव डोळ्यांखालून गेलेलं असतं. दुकान उघडून दोन महिने झाले आणि पाटीवर नुसता ‘स’ लावला, तर रस्त्यावरच्या माणसाने सलून समजायचं, स्टेशनरी की स्वीट मार्ट? उबरसारख्या कंपनीनेही २०१६ मध्ये ॲपच्या चिन्हातून यू काढून तिथे एक अमूर्त आकृती आणली आणि २०१८ मध्ये पुन्हा आपलं पूर्ण नाव पुढे केलं. पाटीवर, बिलावर, जर्सीच्या छातीवर अक्षर आणि नाव जोडीने असू द्या. एकटं अक्षर टोपीवर, मोबाइलच्या डीपीवर आणि शिक्क्यावर ठेवा, जिथे नावाला जागाच नसते.

गोलाच्या बरोब्बर मध्ये बसवणं

संगणकाला मध्य कळतो, वजन कळत नाही. ‘र’, ‘ट’, ‘ळ’ किंवा रोमन पी, एफ, जे ही अक्षरं अलाइनचं बटण दाबून मध्यावर आणली तरी कललेली दिसतात, कारण त्यांचा भार एका बाजूला असतो. अशा वेळी कागद उलटा धरून पाहा. अक्षर वाचता येत नाही, नुसता आकार उरतो आणि तो कुठे झुकलाय ते लगेच दिसतं. मग मापपट्टी बाजूला ठेवून डोळ्यांनी सरकवा. डीपी सगळ्यांचा गोलच कापला जातो, तेव्हा शिरोरेषेची टोकं त्या गोलात कापली जात नाहीत ना, तेही याच वेळी तपासा.

वजनाशिवाय अक्षराची एक उभं राहण्याची पद्धतही असते. होंडा आणि ह्युंदाई, दोन्हींचा लोगो एच. होंडाचा ताठ उभा, वरच्या बाजूला रुंद होत गेलेला. ह्युंदाईचा तिरका, लंबगोलात पुढे झुकलेला. कंपनी आणि ग्राहक हात मिळवताहेत अशी त्यामागची कल्पना आहे. हायवेवर दोन गाड्या शेजारून गेल्या तरी गल्लत होत नाही. तुमच्या बाजारपेठेत तेच अक्षर वापरणारं कुणी असेल, तर रंग बदलून भागणार नाही, उभं राहणंच बदला.

अक्षरात सगळं कोंबणं

संघाला ‘व’ हवा असतो, त्यात वाघ हवा, वाघाच्या तोंडात बॅट हवी, मागे किल्ला हवा. युनिलिव्हरच्या यूमध्ये दोन डझन लहान चित्रं आहेत हे खरं, पण शॅम्पूच्या पुडीवर ती कुणी मोजत नाही, आपण नुसता निळा यू ओळखतो. तेवढ्या वर्षांची ओळख आपल्या गिऱ्हाइकाकडे नसते. एका अक्षरात एकच कल्पना मावते. पिंटरेस्टच्या पीला टाचणीचं टोक आहे. बीट्सचा बी म्हणजे हेडफोन लावलेलं डोकं. मॅकडोनाल्ड्सचा एम तर अक्षर म्हणून जन्मलाच नाही. त्यांच्या सुरुवातीच्या दुकानांना दोन बाजूंनी पिवळ्या कमानी होत्या. तिरक्या कोनातून पाहिलं की त्या एकमेकींवर येऊन एम दिसायचा, तोच १९६२ मध्ये लोगोत उतरला.

युव्हेंटसचा जे मला यासाठीच आवडतो. २०१७ च्या जानेवारीत या इटालियन फुटबॉल क्लबने जुनं चिन्ह सोडून नुसता जे घेतला, तेव्हा चाहते चांगलेच नाराज झाले. पण नीट पाहा: १९०३ पासून त्यांच्या जर्सीवर असलेले काळे-पांढरे उभे पट्टे त्या जेच्या दोन रेघांत आहेत आणि दोन्ही रेघा मिळून ढालीचा आकारही उभा करतात. जुनं टाकलं नाही, वळणात घेतलं. तुमच्या संघाकडे असं काय आहे ते आधी शोधा. जर्सीचा पट्टा असेल, देवळाची कमान असेल, मैदानाच्या कडेचं झाड असेल. त्यातलं एकच घ्या.

फक्त आपल्याच डोळ्यांनी पाहणं

मिंत्राच्या एमबद्दल मुंबईतल्या एका महिलेने पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार केली: तो आकार स्त्रियांचा अपमान करणारा दिसतो. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने लोगो बदलला. ॲप, जाहिराती, पॅकिंगची खोकी, सगळीकडे. अक्षर एकटं पडलं की लोक ते वाचायचं सोडून त्यात चित्र पाहू लागतात. म्हणून अक्षर पक्कं करण्याआधी काळ्या-पांढऱ्यात एक प्रत काढून घरातल्या आजीला, शाळकरी पोराला, चहावाल्याला दाखवा. “हे काय दिसतंय?” एवढंच विचारा. “हा ‘म’ कसा वाटतो?” असं विचारलंत, तर उत्तर तुम्हीच दिलेलं असेल.

फाइल अर्धवट देणं

लोगो चांगला झाला आणि गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर जेपीजी गेली, की महिन्याभरात त्याचे चार अवतार होतात. फ्लेक्सवाला स्वतःच्या फॉन्टने अक्षर पुन्हा टाकतो, गाडीवरचं रेडियम कापणारा कोपरे गोल करतो, जर्सीवाला रेघ जाड करतो. डेट्रॉइट टायगर्स या जुन्या बेसबॉल संघाच्या टोपीवरचा डी आणि घरच्या जर्सीवरचा डी कित्येक दशकं वेगळे होते. २०१८ च्या हंगामापासून त्यांनी टोपीवरचाच डी जर्सीवरही घेतला. त्यांची ओळख इतकी मुरलेली होती की दोन डी चालून गेले. नव्या संघाला ते परवडत नाही.

मी आता एका फोल्डरमध्ये एवढं देते: कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्ट नसला तरी अक्षर बदलणार नाही अशी सीडीआर (कोरलची फाइल) आणि पीडीएफ, पारदर्शक पीएनजी, एकरंगी काळी आणि एकरंगी पांढरी प्रत, भरतकामासाठी फट वाढवलेली वेगळी प्रत, आणि सोळा पिक्सेलच्या बारक्या आयकॉनसाठी बारीकसारीक तपशील काढलेली प्रत. सोबत एका पानावर तीन ओळी: रंगांचे आकडे, अक्षराभोवती किती जागा मोकळी सोडायची, आणि छापील अक्षर सगळ्यात लहान किती मिलिमीटरचं चालेल. ते पान मी प्रिंट काढून फ्लेक्सवाल्याच्या काउंटरवर स्वतः चिकटवून येते.