डॉक्स साइटला डार्क मोड लावताय? या चुका टाळा

डॉक्युमेंटेशन साइटचे, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणाऱ्या साइटचे, रंग बदलणं हे काम सगळ्यांना सोपं वाटतं. टीममध्ये नवीन कोणी आलं की त्याला पहिलं काम हेच देतात, आणि तो बिचारा दुपारपर्यंत डार्क मोड लावून मोकळा होतो, होमपेजचा स्क्रीनशॉट टाकतो, सगळे अंगठा दाखवतात आणि काम संपलं. पुढचे सहा महिने मग कुठला तरी तक्ता दिसत नाही, कुठली तरी लिंक वाचता येत नाही, सर्च केलं की मधेच पांढरा चौकोन उघडतो. इतक्या साइट्सवर हेच बघितलंय की आता एकदा सगळं लिहूनच ठेवतो.

सगळ्यात मोठी चूक, आणि तिच्याबद्दल मी जास्त बोलणार आहे, ती म्हणजे रंग जागच्या जागी ठोकून देणं. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, व्हेरिएबल असतात, रंगाला एकदा नाव द्यायचं आणि सगळीकडे तेच नाव वापरायचं, तुमची थीम ते वापरत असते, आणि तरी लोक एखाद्या डब्याला बॅकग्राउंड द्यायचं तर सरळ रंगाचा कोड तिथेच लिहितात. लाइट मोडमध्ये छान दिसतं म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. आमच्या एका अंतर्गत डॉक्स साइटवर डेटा मायग्रेशनचं पान होतं, त्यात वरतीच एक सूचनेचा डबा, की पुढची कमांड चालवण्याआधी बॅकअप घ्या, कारण ही कमांड जुनी टेबलं उडवते. कोणीतरी तो डबा उठून दिसावा म्हणून त्याला फिकट पिवळं बॅकग्राउंड दिलं, थेट कोड लिहून. अक्षरांचा रंग मात्र दिला नाही, तो थीमकडूनच येत होता. लाइट मोडमध्ये पिवळ्यावर काळी अक्षरं, उत्तम. डार्क मोडमध्ये थीमने अक्षरं पांढुरकी केली, डबा पिवळाच राहिला, म्हणजे फिकट पिवळ्यावर फिकट पांढरं. मी नंतर मोजलं तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि बॅकग्राउंड यांच्या उजळपणाचं गुणोत्तर, १.२ च्या आसपास होता. रात्रपाळीला असलेल्या एका सहकाऱ्याने ते पान डार्क मोडमध्ये उघडलं, त्याला वरती एक रिकामा पिवळा पट्टा दिसला, सजावट असेल असं समजून तो खाली गेला आणि कमांड चालवली. स्टेजिंगचा, म्हणजे चाचणीचा, डेटाबेस होता म्हणून निभावलं, तरी तीन टीमचं दोन दिवसांचं टेस्टिंग पाण्यात गेलं. सकाळी सगळे त्याला विचारत होते की सूचना वाचली नाहीस का, आणि तो शपथेवर सांगत होता की सूचना नव्हतीच. त्याचं खरं होतं. त्या बदलाला मंजुरी मी दिली होती, फक्त लाइट मोडमध्ये बघून, आणि हे मला अजून टोचतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. बॅकग्राउंड लिहिलं की त्याच नियमात अक्षरांचा रंगही लिहायचा, जोडीनेच, एकटं कधीच नाही. आणि दोन्ही व्हेरिएबलमधून. व्हेरिएबलला नावही कामावरून द्यायचं, 'सूचना-पार्श्वभूमी', 'सूचना-मजकूर' असं. 'फिकट-पिवळा' असं नाव दिलं की डार्क मोडमध्ये त्या 'फिकट-पिवळ्या'त गडद तपकिरी भरावा लागतो आणि पुढच्या माणसाचं डोकं फिरतं. थेट लिहिलेले रंग शोधायला मी कस्टम सीएसएस फाइलमध्ये हॅशचं चिन्ह सर्च करतो, व्हेरिएबलच्या व्याख्या सोडून जिथे जिथे ते सापडेल तिथे काम बाकी आहे असं समजायचं. शिवाय मार्कडाउनमध्ये, म्हणजे ज्यात पानांचा मजकूर लिहितो त्या फाइल्समध्ये, मधेच घुसवलेले इनलाइन स्टाइल असतात, तेही शोधा, निम्मा त्रास तिथूनच येतो.

आता तयार थीमवाल्यांसाठी. डॉक्युसॉरस या डॉक्स साइट बनवायच्या टूलमध्ये मुख्य रंगाच्या सात छटा असतात, मूळ रंग, तीन गडद आणि तीन फिकट. लोक एकच बदलतात आणि मग माउस नेला की बटण जुन्या रंगाचं होतं. सातही बदला, आणि त्याच फाइलमध्ये खाली डार्क मोडचा वेगळा ब्लॉक असतो तिथे पुन्हा सात, वेगळे. एमकेडॉक्स हे तसंच दुसरं टूल, त्याच्या मटेरियल थीममध्ये तक्रार अशी असते की 'रूटवर (पानाच्या सगळ्यात बाहेरच्या टॅगवर) रंग लिहिला तरी लागत नाही'. अहो, तिथे पॅलेटचे रंग बॉडीवर लागतात, रूटपेक्षा ते जवळचे, म्हणून तेच जिंकतात. कॉन्फिगमध्ये प्रायमरीची किंमत 'कस्टम' करा, आणि डार्कसाठी 'स्लेट' या स्कीमच्या सिलेक्टरखाली लिहा. हे न वाचता लोक जे करतात ते म्हणजे 'इम्पॉर्टंट' हा बाकीच्या नियमांना दाबणारा शब्द ठोकणं. एक ठोकला की दुसरा लागतो, मग तिसरा, आणि थीमचं नवं व्हर्जन आलं की कुठलं काय दबलंय हे कोणालाच उलगडत नाही. घाई असली तरी हा शॉर्टकट घेऊ नका, कळकळीने सांगतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे पांढरा झगमगाट. अंधारात बसून वाचताय, पुढच्या पानावर क्लिक केलं, क्षणभर पूर्ण स्क्रीन पांढरी आणि मग काळी. डॉक्स वाचणारा माणूस दहा मिनिटांत वीस पानं उघडतो, म्हणजे वीस वेळा डोळ्यावर बॅटरी. कारण साधं आहे. स्टॅटिक साइटचं एचटीएमएल आधीच तयार होऊन पडलेलं असतं, त्याला वाचकाची निवड माहीत नसते, ती असते ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, आणि ती वाचणारी स्क्रिप्ट तुम्ही पानाच्या तळाशी ठेवलेली असते किंवा डिफर करून, म्हणजे उशिरा चालेल अशी, ठेवलेली असते. तोवर ब्राउझरने पान रंगवून टाकलेलं असतं.

यावर उपाय एकच. चार-पाच ओळींची छोटी स्क्रिप्ट, हेडमध्येच, इनलाइन, स्टाइलशीटच्याही आधी, जी निवड वाचते आणि एचटीएमएल टॅगवर थीमचं ॲट्रिब्यूट लावते. बाहेरची फाइल नको, डिफर नको. आणि तिला ट्राय-कॅचमध्ये, म्हणजे एरर झेलणाऱ्या रचनेत, ठेवा, कारण काही ब्राउझर सेटिंगमध्ये लोकल स्टोरेजला हात लावला की एरर येतो आणि तुमची स्क्रिप्ट तिथेच बसते. तपासताना ब्राउझरमधल्या डेव्हलपरच्या टूल्समध्ये, म्हणजे डेव्हटूल्समध्ये, नेटवर्क मुद्दाम संथ करा. तुमच्या जलद मशीनवर, लोकलहोस्टवर हा झगमगाट दिसतच नाही, म्हणून तर 'माझ्याकडे बरोबर चालतंय' हे वाक्य मला इतक्यांदा ऐकावं लागतं.

याच स्क्रिप्टमध्ये अजून एक बारीक घोळ होतो. पहिल्या भेटीत सिस्टिमची पसंती बघतात, ठीक आहे, पण लगेच ती स्टोरेजमध्ये लिहूनही टाकतात. मग संध्याकाळी ज्याचा फोन आपोआप डार्क होतो त्याच्यासाठी तुमची साइट सकाळचीच राहते. वाचकाने स्वतः बटण दाबलं तरच लिहा, आणि बटणाला तीन अवस्था द्या, लाइट, डार्क आणि सिस्टिमप्रमाणे. दोनच दिल्या तर सिस्टिमप्रमाणेवर परत जायचा रस्ताच उरत नाही.

कॉन्ट्रास्टचं थोडं. डब्ल्यूसीएजी म्हणजे साइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीचे नियम, त्यांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ लागतो, मोठ्या मजकुराला आणि बटणांच्या कडांसारख्या गोष्टींना ३ ला १. पांढऱ्यावर #७७७७७७ हा राखाडी ४.४८ येतो, म्हणजे नापास, आणि #७६७६७६ पास. डोळ्याला हा फरक कळत नाही, म्हणून अंदाजाने ठरवू नका, मोजा. आणि लाइट मोडमधला लिंकचा रंग तसाच डार्कमध्ये नेऊ नका, शुद्ध निळा पांढऱ्यावर ८.५९ देतो आणि तोच शुद्ध काळ्यावर २.४४. डार्कसाठी तोच रंग थोडा फिकट आणि कमी भडक करून घ्या. बॅकग्राउंड शुद्ध काळं करू नका असं माझं मत आहे, लांबलचक मजकूर वाचताना पांढरी अक्षरं काळ्यावर पसरल्यासारखी दिसतात. मी #१२१२१२ च्या आसपास राहतो आणि अक्षरंही पूर्ण पांढरी ठेवत नाही.

कोड ब्लॉकची हायलाइटिंग थीम वेगळी असते, दोन्ही मोडसाठी दोन द्या. कॉमेंटचा राखाडी रंग मुद्दाम तपासा, हमखास तोच बुडतो.

आकृत्या. पारदर्शक बॅकग्राउंडच्या पीएनजीमध्ये काळे बाण असले की डार्कमध्ये ते गायब. एसव्हीजी इमेज टॅगने लावली असेल तर तुमच्या साइटचं सीएसएस तिच्या आत पोचत नाही, त्यामुळे 'करंटकलर' (आजूबाजूच्या अक्षरांचा रंग घे असं सांगणारा शब्द) लिहून काही होत नाही. पिक्चर टॅगमध्ये मीडिया क्वेरी (सिस्टिम लाइट की डार्क हे बघणारी अट) लावून दोन चित्रं देणारे विसरतात की ती फक्त सिस्टिमचं ऐकते, तुमच्या बटणाचं नाही. सगळ्यावर उलट्या रंगाचा फिल्टर मारणं तर बिलकुल नको, स्क्रीनशॉटमधली माणसं निळी होतात आणि लाल धोक्याची खूण आकाशी. मी आकृतीला दोन्ही मोडमध्ये फिकट पाटी देतो, थोडं पॅडिंग, गोल कोपरे, झालं. सुंदर नसेल पण प्रत्येक बाण दिसतो.

'कलर-स्कीम' प्रॉपर्टी लावायला विसरू नका, नाहीतर स्क्रोलबार आणि सिलेक्ट बॉक्स पांढरेच राहतात.

मोड बदलताना सगळ्या एलिमेंट्सवर ट्रान्झिशन (रंग हळूहळू बदलायचा इफेक्ट) लावू नका, पान तुकड्या-तुकड्याने रंग बदलतं.

थीमच्या मूळ फाइलमध्ये किंवा बिल्ड झालेल्या फोल्डरमध्ये बदल करू नका, पुढच्या बिल्डला सगळं जातं.

तपासणीसाठी मी प्रत्येक साइटवर एक पान ठेवतो, मेनूमध्ये न दिसणारं, ज्यात सगळ्या प्रकारच्या सूचना, तक्ता, लिंक, वाचलेली लिंक, ओळीतला कोड, कोड ब्लॉक, टॅब, आकृती, फॉर्म सगळं एकाखाली एक असतं. रंगाचा कुठलाही बदल आला की आधी ते पान, दोन्ही मोडमध्ये. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये रेंडरिंग पॅनेलमधून सिस्टिमची पसंती बदलता येते, फायरफॉक्सच्या इन्स्पेक्टरमध्ये त्यासाठी सूर्य-चंद्राची बटणंच आहेत, त्यामुळे लॅपटॉपची सेटिंग पुन्हा पुन्हा बदलायची गरज नाही. शेवटी त्याच पानावर, डार्क मोड चालू ठेवून, प्रिंट प्रिव्ह्यू उघडा. ब्राउझर छापताना बहुतेक वेळा बॅकग्राउंड काढून टाकतो आणि फिकट अक्षरं पांढऱ्या कागदावर येऊ शकतात, म्हणून प्रिंटच्या मीडिया क्वेरीत लाइट मोडची व्हेरिएबल्स परत लिहावी लागतात.