जुन्या ट्रॅक्टरचा वॉटर पंप भंगारातल्या भागांतून कसा उभा करावा

विदर्भात ट्रॅक्टरचा वॉटर पंप, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाणी फिरवणारा पंप, जातो तो बहुधा दोनच हंगामांत. पहिला मे महिन्यात, वावरात उन्हाळवाही चालू असताना, जेव्हा बाहेरच पारा 45 च्या पुढे असतो. दुसरा सोयाबीनच्या मळणीत. तेव्हा ट्रॅक्टर एका जागी उभा राहून तासन्‌तास थ्रेशर ओढतो, समोरून वारा लागत नाही आणि रेडिएटरच्या जाळीत कुटार भरते. दोन्ही वेळा काम थांबवणे कास्तकाराला परवडत नाही. जुन्या इंटरनॅशनल, मॅसी, फोर्ड किंवा एचएमटीला ऐनवेळी पंप मिळेलच याची खात्री नसते. एचएमटीचे ट्रॅक्टर तर 2016 पासून बनतच नाहीत. म्हणून ही दुरुस्ती हंगामाआधी, निवांतपणे करून ठेवावी.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. बॉडी, इम्पेलर (पाणी फेकणारी पात्यांची चकती) आणि पुलीचा हब (पुली बसते तो भाग) भंगारातून बिनधास्त घ्या. सील (शाफ्टजवळून पाणी गळू न देणारा भाग) आणि बेरिंग मात्र नवेच घ्या. जुन्या बिडाच्या बॉडीत अजून वीस वर्षांची ताकद असते. जुन्या सीलची घासलेली कार्बन रिंग दुसऱ्या पंपात नीट बसत नाही, आणि तिथे वाचवलेले पैसे पहिल्याच आठवड्यात गळून जातात.

आधी पंपच गेला आहे ना, ते बघा

इंजिन थंड असू द्या. फॅनची दोन पाती धरून पुढे-मागे, वर-खाली हलवा. ढिलाई जाणवली तर बेरिंग गेले. मग पंपाच्या बॉडीखालचे बारीक भोक शोधा. सील आणि बेरिंग यांच्या मध्ये ते मुद्दाम ठेवलेले असते, म्हणजे सील गळले तर पाणी बेरिंगमध्ये न शिरता बाहेर पडते. तिथे गंजाचा किंवा कुलंटचा (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या द्रवाचा) ओघळ दिसला तर सील गेले. गळती थांबवायची म्हणून काही जण हे भोक एम-सीलने बुजवतात. कृपा करून असे करू नका. पाणी आत अडकते, बेरिंगमधले ग्रीस धुऊन निघते, शाफ्ट डळमळतो आणि शेवटी फॅन रेडिएटरवर आपटतो.

ढिलाई नाही, ओघळ नाही, तरी इंजिन तापते? मग पंप खोलण्याआधी पट्टा, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर तपासा. चांगला पंप उगाच खोलला तर त्याचे चांगले सील हमखास खराब होते.

उघडण्याआधी दोन मापे

बॅटरीची वायर काढा, गळ्यातला दुपट्टा बाजूला ठेवा, पाणी बादलीत उतरवा आणि पंप बाहेर काढा. पॅकिंग खरवडताना ते पाण्याने ओले ठेवा, कारण जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची कोरडी धूळ छातीत जाऊ नये.

आता व्हर्नियरने दोन मापे घ्या. हबच्या तोंडापासून बॉडीच्या बसणाऱ्या तोंडापर्यंतचे अंतर हे पहिले. इम्पेलर बॉडीच्या तोंडापासून किती आत किंवा बाहेर आहे, हे दुसरे. वहीत लिहा, मोबाइलवर फोटोही काढा. पहिले माप चुकले तर पुली रेषेत येत नाही आणि पट्टा खातो. दुसरे चुकले तर इम्पेलर घासतो, नाहीतर लांब राहून पाणीच फेकत नाही.

खोलताना हब पुलरने काढा. हातोड्याने ठोकू नका. बीड वाकत नाही, थेट तडकते. शाफ्ट दाबून काढण्याआधी सर्क्लिप किंवा लॉकची तार आहे का ते बघा. बाकव्हाइस आणि योग्य मापाचे सॉकेट असले तर प्रेसशिवायही काम होते.

भंगारात काय शोधायचे

तुमचा पंप दोनांपैकी एका प्रकारचा असेल. काहींत दोन सुटी बॉल बेरिंग आणि मध्ये अंतर राखणारी नळी असते. हा प्रकार सगळ्यात सोपा, कारण बेरिंगवर नंबर कोरलेला असतो. 6203 म्हणजे आतून 17, बाहेरून 40, रुंदी 12 मिलिमीटर. 6204 म्हणजे 20, 47 आणि 14. नंबर सारखा असला की बेरिंग कोणत्याही दुकानातले चालते, ट्रॅक्टरचे नाव सांगायचीही गरज नाही. दोन्ही बाजूंनी रबराचे झाकण असलेले घ्या.

दुसऱ्या प्रकारात शाफ्ट आणि बेरिंग एकच असते, म्हणजे शाफ्टवरच गोळ्यांच्या खाचा असतात. अशा बऱ्याच बेरिंगांचा शाफ्ट 16 मिलिमीटरच्या आसपास आणि बाहेरची रिंग 30 मिलिमीटरची असते. म्हणून दुसऱ्याच गाडीचे बेरिंग बसण्याची शक्यता असते. दोन्ही टोकांना शाफ्ट किती बाहेर येतो, एवढे मात्र जुळले पाहिजे. थोडा लांब असला तर कापता येतो, आखूड असला तर परत ठेवा.

भंगारवाल्याकडे बॉडी उचलताना तीन जागा बघा: बेरिंगचे घर, सीलची बैठक आणि बोल्टचे कान. घरात बेरिंग गरगर फिरल्याच्या चकाकत्या खुणा असतील किंवा सीलच्या बैठकीत चीर असेल तर ती बॉडी घेऊ नका. नुसत्या गंजाला घाबरू नका.

इम्पेलर निवडताना फिरण्याची दिशा बघा. वाकडी पाती असतील तर त्यांचा बाक तुमच्या जुन्या इम्पेलरसारखाच हवा. नव्या काही गाड्यांत पट्टा उलट्या बाजूने पंप फिरवतो, त्यामुळे त्यांचा इम्पेलर दिसायला सारखा पण कामाला उलटा असतो. बाहेरचा व्यास बॉडीत मावायला हवा. जास्त असला तर लेथवर कमी करता येतो.

लेथवाल्याला सांगायचे एवढेच

इम्पेलरचे भोक शाफ्टपेक्षा मोठे असेल तर आत बुश मारून बोअर करायचे. बसवण शाफ्टवर एक ते दीड थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टाइट हवी. यापेक्षा घट्ट केली तर इम्पेलर फुटतो, सैल ठेवली तर शाफ्ट फिरतो आणि इम्पेलर जागीच राहतो. सीलची बैठक खडबडीत असेल तर हलकासा एक कट घ्यायला सांगा. ज्या पंपात कार्बन थेट बिडावर घासतो तिथे नंतर काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून ते तोंड आरशासारखे करा. इथे हवा तेवढा वेळ द्या, घाई नको. गळती थांबते की नाही ते याच तोंडावर ठरते.

बसवणे

बॉडी उकळत्या पाण्यात चांगली तापवून पुसा आणि बेरिंग बाहेरच्या रिंगवर जोर देत आत दाबा. आतल्या रिंगवर किंवा शाफ्टवर जोर आला तर गोळ्यांच्या खाचांत खड्डे पडतात आणि नवे बेरिंग आवाज करू लागते. गॅसची ज्योत बेरिंगवर धरू नका, ग्रीस जळते.

सील आणायला जुना शाफ्ट आणि बॉडी दोन्ही दुकानात न्या. ते बसवताना पाइपचा तुकडा सीलच्या पितळी कडेवर टेकवा, कार्बनवर कधीच नाही. रबराला साबणाचे पाणी चालते, पण कार्बनला तेल, ग्रीस किंवा बोटांचा डागही लागू देऊ नका. मग वहीतल्या मापाप्रमाणे इम्पेलर आणि हब दाबा. माप हरवले असेल आणि इम्पेलर बॉडीच्या सपाट भिंतीसमोर फिरत असेल, तर मध्ये हॅकसॉचे पाते सरकवून बघा. ते साधारण 0.65 मिलिमीटर जाड असते. जेमतेम सरकले तर कामचलाऊ अंतर मिळाले.

ट्रॅक्टरवर चढवण्याआधी पंप उलटा धरून पाणी भरा, हाताने फिरवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खालच्या भोकाजवळ ओल नसेल तर काम जमले. आवाज ऐकायला म्हणून इंजिन कोरडे चालवू नका. पाण्याशिवाय सील काही क्षणांत जळते.

पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर सुमारे अर्धा इंच खाली जायला हवा. बेरिंग लवकर जाण्यामागे बऱ्याचदा जास्त ताणलेला पट्टा असतो.

पाणी

अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातले बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. त्यातला क्षार इम्पेलर खातो, आणि साचलेले खडे सीलच्या तोंडात अडकतात. बाकी भागातले जड पाणीही टाळा. पावसाचे गाळलेले किंवा आरओचे पाणी घ्या आणि पाकिटावरच्या प्रमाणात कुलंट मिसळा. आपल्याकडे पाणी गोठत नाही हे खरे, पण कुलंट गंज रोखतो आणि पाण्याला उशिरा उकळू देतो.

पहिल्यांदा चालू करताना हवा निघेपर्यंत झाकण उघडे ठेवा. इंजिन तापले की झाकणाला हात लावू नका. एक दिवस काम करून थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा कसा, पट्टा बघा, पाण्याची पातळी भरा. उतरवलेले कुलंट गोठ्याजवळ किंवा नालीत ओतू नका. ते गोड लागते आणि विषारी असते. गुरे, कुत्री ते चाटतात. बंद डब्यात भरून पोरांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा.