घरबसल्या जपानी शिकायची तर
लातूर-नांदेडकडं जपानीचा क्लास सापडत नाही म्हणून बरेच जण थांबायलेत, थांबू नका. आधी हिरागाना ही जपानीची मूळ लिपी, ४६ अक्षरं, रोज पाच वहीत गिरवा, मग काताकाना, म्हणजे परदेशी शब्दांसाठीची लिपी. रोमन लिपीत वाचायची सवय तेवढी लावू नका, लई नडते.

आपल्याला व्याकरण सोपं जातं बघा, कारण क्रियापद शेवटी अन् प्रत्यय नावाच्या मागंच, 'नांदेड कारा किमाशिता' म्हणजे नांदेडहून आलो, आणि प्रश्न विचारायला शेवटी चक्क आपलाच 'का', 'इकिमासु का?' म्हणजे जाता का? अशी रोज दोन वाक्यं स्वतः बनवून मोठ्यानं म्हणा.

कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरं, शब्दासोबतच पाठ करा, एकेकटी नको. एन५, म्हणजे जपानीची सगळ्यात सोप्या पातळीची परीक्षा, पुण्यात होते, जुलै किंवा डिसेंबर धरून तयारी करा.