उजनीत नावेतून पक्षी बघायचे असतील तर

नाव काठावरून सुटायच्या आधीच नावाड्याला सांगून ठेवा, "मामा, थवा उडवायचा नाही." बाकीची तयारी कमीजास्त झाली तरी चालते. माझ्या पहिल्या फेरीत मी हे बोलले नव्हते. "उडवून दाखवतो की ताई," म्हणत मामांनी इंजिन वाढवलं आणि शे-दीडशे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, एकदम आभाळात गेले. गुलाबी-काळ्या पंखांचं ते दृश्य मिनिटभर टिकलं. मग थवा पार पलीकडच्या काठाला जाऊन बसला आणि पुढचा दीड तास आम्ही दुर्बिणीतून ठिपके बघत राहिलो. तेवढा वेळ त्या पक्ष्यांचं खाणंही बुडालं, हे मला नंतर कळलं.

आमच्या सोलापूरच्या नळाला येतं ते उजनीचंच पाणी. धरणाची भिंत माढा तालुक्यात, पण भीमेचा फुगवटा पार इंदापूर-भिगवणपर्यंत पसरलेला आहे आणि नावा मिळतात त्या तिकडे, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला. टेंभुर्णी, इंदापूर करत सुमारे दीडशे किलोमीटर होतात. पहाटे तीनला घर सोडलं तर उजाडायच्या वेळी काठावर पोचता येतं.

कधी जायचं हे तारखेपेक्षा पाण्यावर ठरतं. पावसाळ्यानंतर धरण तुडुंब असलं की रोहितांना उभं राहायला जागाच नसते. पाणी उतरून काठचा चिखल उघडा पडला की ते येतात. साधारण जानेवारी ते मार्च हा काळ धरा, पण निघण्याआधी नावाड्याला फोन करून "पाणी किती उतरलंय?" एवढं विचाराच. चक्रवाक आणि थापट्या ही बदकं, पट्टकादंब हा हंस, हे पाहुणे मात्र त्याआधीच आलेले असतात. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतो. डोक्यावरचे दोन काळे पट्टे दिसले की ओळख पटली.

दुर्बीण आठ पटीची पुरे. दहा पटीची घेतली तर नावेच्या हेलकाव्यात चित्र नुसतं थरथरतं. पाण्यावर पहाटेची थंडी बोचते, तेव्हा आपली सोलापुरी चादर न्या, गडद रंगाची. पांढरे, भडक कपडे नकोत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी सुती फडक्यात बांधून नेते, म्हणजे वाऱ्यावर उडून पाण्यात पडायला प्लॅस्टिक नसतं.

लाइफ जॅकेट अंगात चढवून, पट्टे आवळूनच नावेत पाऊल टाका. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात ह्याच पाण्यात उलटली आणि सहा जण गेले. वारा वाढला की "अजून थोडं पुढे" म्हणायचं नाही. लगेच काठ गाठायचा.

आता जवळ कसं जायचं. लांबूनच इंजिन बंद करायला सांगा आणि पुढे बांबूनं रेटत जा. थव्यावर सरळ नाव घालू नका, तिरकी न्या, जणू तुम्हाला भलतीकडेच जायचं आहे. सूर्य आपल्या पाठीशी राहील अशी बाजू धरा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतील. नावेत उभं राहू नका, बोट दाखवू नका. रोहित माना खाली घालून खात असतील तोवर ठीक. सगळ्या माना एकदम वर झाल्या की तुम्ही फार जवळ आलात. तिथेच थांबा, वाटल्यास हातभर मागे सरका. थोड्या वेळानं एकेक मान पुन्हा खाली जाते आणि मग खरं बघणं सुरू होतं.

रोहित चोच उलटी करून पाण्यात बुडवतो. जीभ पंपासारखी चालते, पाणी आत ओढलं जातं आणि चोचीच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर पडतं, खाणं तेवढं आत राहतं. मध्येच पाय आपटत तो चिखल ढवळतो. आणि शांत बसलात तर त्यांची सतत चाललेली कुजबुज ऐकू येते, बदकांसारखी पण खालच्या पट्टीतली. इंजिनाच्या आवाजात ती कधीच कळत नाही. थव्यात करडी, मळकट दिसणारी असतात ती पिल्लं. रंग खाण्यातून चढतो आणि त्याला काही वर्षं लागतात.

परतताना वठलेल्या झाडांकडे आणि मासेमारीच्या खुंटांकडे लक्ष ठेवा. कैकर हा मासेखाऊ शिकारी पक्षी तिथे मासा पायात धरून बसलेला सापडतो. चित्रबलाक, म्हणजे रंगीत करकोचे, बघायचे असतील तर जवळच्या भादलवाडी तलावावर जा, तिथे त्यांची वीण होते.

साडेनऊपर्यंत काठाला लागा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीत काही धड दिसत नाही. पैसे देताना मी मामांना दर वेळी सांगते, आज थवा उडाला नाही म्हणून हे जास्तीचे. गेल्या खेपेला त्यांनीच पोराला ओरडून सांगितलं, "इंजिन बंद कर, ताई आल्यात."