हेडफोनची वायर घरीच बदला

एका कानातला आवाज येतो-जातो, वायर हलवली की परत येतो, म्हणजे ड्रायव्हर (कानातला छोटा स्पीकर) बहुतेक ठीक आहे, वायरच गेलीय. नवे हेडफोन घेऊ नका. इंदूरात जेल रोडला चक्कर मारा, ३.५ एमएमचा स्टिरिओ जॅक, बारीक वायर नि हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी प्लास्टिकची नळी) घेऊन या, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न बास झालं.

इअरपॅड काढा, स्क्रू खोला, आणि जुनी वायर कापायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, कुठला रंग कुठल्या टोकाला आहे ते नंतर कोणालाच आठवत नाही. ड्रायव्हरच्या टोकांवर आयर्न दोन-तीन सेकंदच ठेवा, आजूबाजूचं प्लास्टिक लगेच वितळतं.

खरी गंमत वायरीत आहे. आतल्या केसासारख्या तारांवर रंगीत इनॅमल (वीज अडवणारा पातळ लेप) असतं, ते काढल्याशिवाय सोल्डर चिकटतच नाही, मग लोक म्हणतात जॅक खराब निघाला! आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घ्या नि तार त्यात बुडवून ठेवा, धूर येईल, तार चकचकीत झाली की झालं (खिडकी उघडी ठेवा बरं का).

जॅकचं टोक डावं, मधली रिंग उजवं, मागचा भाग ग्राउंड (दोन्ही कानांची सामाईक तार). जॅकचं झाकण आणि हीट श्रिंक सोल्डर करायच्या आधीच वायरीत ओवा. हेडफोनच्या कपात (कानावरच्या वाटीत) शिरल्यावर वायरीला एक गाठ मारा, ओढ जोडावर येत नाही.

बंद करायच्या आधी गाणं लावून बघा, बास पोकळ वाटला नि गायकाचा आवाज मधोमध येत नसेल तर एका ड्रायव्हरच्या तारा उलट लागल्यात, अदलाबदल करा.