सरकारी दवाखान्याचा पैसा कुठं गेला हे कसं बघायचं (सोलापूरवाल्यांसाठी)

आधी दवाखाना कुणाचा ते बघा, निम्मे लोक इथंच चुकतात. सोलापूरचं सिव्हिल मेडिकल कॉलेजचं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण खात्याचं. गावाकडचं पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) आणि उपकेंद्र झेडपीचं, ग्रामीण रुग्णालय सिव्हिल सर्जनच्या हाताखाली (नाव सारखं आहे म्हणून सिव्हिलमध्ये चकरा मारू नका), शहरातलं नागरी आरोग्य केंद्र महापालिकेचं. समजा माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या ऑफिसात पडला तरी त्यांनी तो ५ दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो, "आमच्याकडं येत नाही" म्हणून हाकलायचं नसतं.

आता पैसा. २००५ ला एनआरएचएम (केंद्राचं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान) आलं तेव्हाच्या निकषात एका पीएचसीला वर्षाला १ लाख ७५ हजार धरलेले, त्यात १ लाख रुग्ण कल्याण समितीचे (दवाखान्याच्या खर्चाला बैठकीत मंजुरी देणारी समिती), ५० हजार देखभालीचे आणि २५ हजार अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे वापरायचे. शिवाय गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १० हजार. रक्कम फार मोठी नाही, पण पंखा, बाकडं, टाकी साफ करणं हे सगळं यातनंच होतं, त्यामुळं सुरुवात इथनं करा, औषध खरेदीच्या मागं पहिल्याच दिवशी लागलात तर थकून जाल.

सोमवारी दुपारी ३ ते ५ मध्ये जा. २६ नोव्हेंबर २०१८ चा शासनाचा आदेश आहे, जिल्हास्तरावरच्या आणि त्याखालच्या ऑफिसांनी, झेडपी-महापालिकांनी त्या वेळेत लोकांना रेकॉर्ड बघायला द्यायचं. प्रिंट खिशात ठेवा, लागतेच.

आम्ही तिघं असेच एका पीएचसीत गेलेलो. एप्रिलचं ऊन, बाळंतिणीचे नातेवाईक बाहेर लिंबाखाली पोतं टाकून बसलेले, आत एक बाकडं तेपण तीन पायांचं. गावात सगळे म्हणत होते पैसे खाल्ले. क्लार्क म्हणाला साहेब मीटिंगला गेलेत, मग प्रिंट बघितली आणि कपाट उघडलं. कॅशबुक कोरं तर पासबुकात रक्कम जशीच्या तशी, आम्हाला कळेना, मग प्रोसिडिंग बुक (समितीच्या बैठकांची वही) मागितलं तर वर्षभरात एकच बैठक आणि पुढची पानं कोरी. बैठक नाही म्हणून मंजुरी नाही, मंजुरी नाही म्हणून बाकडं नाही. खाल्ले कुणीच नव्हते ओ, पडून होते! म्हणून सांगतो, नुसती बिलं बघू नका, बैठकीचं इतिवृत्त आधी बघा.

बिलं असतील तर तारखा बघा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळी गर्दी, तीन दुकानांची कोटेशनं आणि अक्षर एकाच माणसाचं, असं दिसलं की थांबा आणि डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) मागा. वस्तू तिथं चढलीय का, चढली असेल तर खोलीत आहे का, जाऊन हात लावून या. वस्तू उपकेंद्रात दिलेली असूही शकते, लगेच चोर चोर करू नका.

सोमवारी दाद दिली नाही तर मग माहिती अधिकार. जोडपत्र अ (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. "किती भ्रष्टाचार झाला" असलं विचारू नका, त्याला उत्तरच नसतं. असं लिहा: अमुक पीएचसी, अमुक आर्थिक वर्ष, रुग्ण कल्याण समितीचं कॅशबुक, पासबुक, व्हाउचर, इतिवृत्त यांच्या प्रती द्याव्यात. बस्स.

अर्जाची झेरॉक्स नेऊन तिच्यावर शिक्का आणि तारीख मारून घ्या, ३० दिवस तिथनं मोजायचे. ३० दिवस उलटले की प्रती फुकट द्याव्या लागतात. नाहीच आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच ऑफिसच्या वरच्या अधिकाऱ्याकडं पहिलं अपील, स्टॅम्प २० चा.

कागद हातात आले की ग्रामसभेत मांडा, पण तोंडी नको, लेखी द्या आणि विषय प्रोसिडिंगमध्ये लिहून झाला का ते तिथंच वाचून घ्या. आमचं बाकडं दुसऱ्या ग्रामसभेनंतर आलं, लोखंडी, उन्हात बसवत नाही त्याच्यावर, तेवढी सावलीची जागा अजून मागतोय.